गाडी कुणाच्या नावावर

सिस्टर: हा गाड्यांचा सेल्समन साहेबांना विचारायला आत गेलाय तोवर सांगून ठेवते. परत आला की त्याच्याकडे बघून हसू नका. तुम्ही हसलात की समोरचा पाच हजार वाढवतो.

मास्तर: अगं, माझा विद्यार्थी आहे तो. मला फसवेल का?

सिस्टर: तुम्ही चार हजार लोकांना गाडी शिकवलीत. त्यातल्याच एकाने आपली सायकल नेली होती.

मास्तर: ते सिद्ध झालं नव्हतं.

सिस्टर: सायकलही सापडली नव्हती.

मास्तर: याची गोष्ट वेगळी आहे. चार वेळा टेस्टला नापास झाला हा. चारही वेळा मान खाली घालून परत आला, पाचव्यांदा पास. याला थापा मारता आल्या असत्या तर पहिल्याच खेपेला पास झाला नसता का?

सिस्टर: आणि बँकेचा मॅनेजर? तोही तुमच्याकडेच शिकला.

मास्तर: त्याचं नाव काढू नकोस. तीन महिने शिकवला, दुसऱ्या गिअरच्या वर गेला नाही. मोकळा रस्ता, समोर माणूस नाही, कुत्रं नाही, तरी हा दुसऱ्यातच. म्हणायचा, 'सर, तिसऱ्यात जबाबदारी वाढते.' असल्या माणसाच्या टेबलावर कर्जाची फाइल ठेवायची? गाडी दारात येईपर्यंत मला काठी लागेल.

सिस्टर: माणूस जपून चालवतो म्हणून त्याचं व्याज जपून आहे. साडेनऊ टक्के.

मास्तर: आणि इथे सात! साडेनऊ मोठे की सात मोठे? गणितात मी कच्चा असेन, पण इतकाही नाही.

सिस्टर: हे सात कसले आहेत ते मी त्याला विचारणार आहे. तुम्ही त्या चकचकीत पुस्तकातली चित्रं बघा.

मास्तर: आला बघ. काही बोलू नकोस लगेच.

सेल्समन: सर, मॅडम, खुशखबर! साहेबांना अक्षरशः पटवलं. मॅट फ्री, गाडीचं कव्हर फ्री, शिवाय मागे लावायला एक उशी. आणि मुख्य म्हणजे आमच्या फायनान्सची फाइल आजच्या आज पास. उद्या सकाळी गाडी घराखाली.

मास्तर: बघ! उद्या सकाळी!

सिस्टर: हसताय तुम्ही.

मास्तर: नाही हसत.

सिस्टर: मला सांगा, पाच लाखांचं कर्ज, साठ हप्ते. एक हप्ता केवढा?

सेल्समन: फक्त अकरा हजार दोनशे पन्नास, मॅडम. दिवसाचे चारशेसुद्धा नाहीत. माणूस चारशे तर असेच उडवतो.

सिस्टर: आम्ही नाही उडवत. बँकेचा हप्ता साडेदहा हजार आहे. सात टक्क्यांचा हप्ता जास्त आणि साडेनऊचा कमी, हा काय चमत्कार आहे?

सेल्समन: चमत्कार नाही मॅडम, आमचा फ्लॅट रेट असतो.

मास्तर: म्हणजे सपाट. चढ नाही, उतार नाही. चालवायला सोपं.

सिस्टर: तुम्ही थांबा हो. चौथ्या वर्षी आमचं निम्म्याहून जास्त कर्ज फिटलेलं असेल. तेव्हाही व्याज पूर्ण पाच लाखांवरच?

सेल्समन: तसं धरतात मॅडम. हिशेबाच्या सोयीसाठी.

सिस्टर: कुणाच्या सोयीसाठी?

सेल्समन: ...उशी दाखवू का तुम्हाला? फार मऊ आहे.

सिस्टर: पेशंटचा ताप उतरल्यावरही मी पहिल्या दिवसाचाच डोस देत राहिले, तर हॉस्पिटल मला घरी बसवेल. तुम्हाला इथे बढती देत असतील.

मास्तर: अगं, त्याला कशाला बोलतेस? रेट काय त्याने ठरवलाय?

सिस्टर: महिन्याला साडेसातशे जास्त. साठ महिन्यांचे पंचेचाळीस हजार. वर फाइल करायची फी आठ हजार वेगळी. मऊ उशीचे त्रेपन्न हजार झाले.

सेल्समन: पण मॅडम, बँकेत किती कटकट! हा कागद आणा, तो कागद आणा.

मास्तर: कागदांचं काही नाही रे. बँकेची अट सांगतो तुला, म्हणजे माझं दुखणं कळेल. माझी नोकरी दोन महिन्यांनी संपते. बँक म्हणते, साठीच्या पुढे हप्ते जात असतील तर तुम्हाला कर्ज नाही. मग कुणाला? मिसेसना. त्यांची नोकरी अजून नऊ वर्षं आहे. कर्ज त्यांच्या नावावर, म्हणून गाडी त्यांच्या नावावर. आणि मी कोण? तर जामीन!

सेल्समन: अरेरे.

मास्तर: अरेरेच. तुला गाडी कुणी शिकवली?

सेल्समन: तुम्ही, सर.

मास्तर: आणि आरसी बुकावर नाव कुणाचं, तर सलाइन लावणारीचं!

सिस्टर: त्या सलाइनवर घर चाललंय, विसरू नका.

सेल्समन: म्हणून तर आमच्याकडे या म्हणतो. आमच्या फायनान्स कंपनीला वय आडवं येत नाही, पासष्टपर्यंत आरामात देतात. म्हणून तर सरांनी बुकिंगपण स्वतःच्याच नावाने केलं ना, बुधवारी.

सिस्टर: कसलं बुकिंग?

मास्तर: मी काय म्हणतो, ती उशी आणच जरा.

सिस्टर: किती भरले?

सेल्समन: पंचवीस हजार, मॅडम. म्हणजे... मला वाटलं तुम्हाला माहीत आहे.

सिस्टर: काल संध्याकाळी हा माणूस माझ्यासमोर वही घेऊन बसला. बँक इकडे, डीलर तिकडे, मध्ये रेघ. म्हणाला, आपण दोघं मिळून ठरवू. आणि पैसे बुधवारीच भरून मोकळा!

मास्तर: परत मिळतात ते.

सेल्समन: परत नाही मिळत, सर. किमतीत वळते होतात.

मास्तर: तू गप्प बस रे!

सिस्टर: ओरडू नका त्याच्यावर. इथे खरं बोलणारा तो एकटाच दिसतोय.

सेल्समन: मॅडम, तुम्ही रागावू नका. शेवटी गाडी तर तुम्हालाही पसंत आहेच ना? मंगळवारी टेस्ट ड्राइव्ह घेतलीत तेव्हा तुम्हीच म्हणालात, क्लच काय हलका आहे म्हणून.

मास्तर: कुणी घेतली? काय घेतली?

सेल्समन: मी पाणी आणतो.

मास्तर: बस खाली. मंगळवारी कुणी काय घेतलं?

सिस्टर: मी. टेस्ट ड्राइव्ह. पेट्रोल पंपापर्यंत गेले आणि वळून आले.

मास्तर: ही? ही चालवत होती आणि तू शेजारी बसला होतास? लायसन्स बघितलंस का?

सेल्समन: बघितलं, सर. फोटोसुद्धा चांगला आलाय.

मास्तर: लायसन्स!

सिस्टर: हळू बोला. त्या खांबापाशी गाडी बघायला आलेले नवराबायको वळून बघताहेत. त्यांची गाडी घ्यायची इच्छा मरेल.

मास्तर: कधी काढलंस?

सिस्टर: चार महिने झाले. पहिल्याच प्रयत्नात.

मास्तर: टेस्ट घेणारा इन्स्पेक्टर मला रोज भेटतो. खांद्यावर हात टाकून बोलतो. एका शब्दाने म्हणाला नाही मला!

सिस्टर: कसा म्हणेल? दर पंधरा दिवसांनी इंजेक्शन घ्यायला माझ्याकडेच येतो. मी त्याला सांगितलं, तुमचं तोंड उघडलं की माझी सुई जाड होईल.

मास्तर: आणि शिकलीस कुठे?

सिस्टर: ते राहू द्या.

मास्तर: कुठे?

सिस्टर: तुमच्या समोरच्या गल्लीत.

मास्तर: हॉर्नवाल्याकडे? त्या हॉर्नवाल्याकडे? अगं, गाडीचा आरसा तो भांग पाडायला वापरतो! त्याचा विद्यार्थी वळताना आधी हॉर्न मारतो, मग वळतो आणि मग कुठे वळायचं ते ठरवतो! माझी बायको त्याच्याकडे?

सिस्टर: दुपारची महिलांची बॅच होती. दोन ते तीन. आम्ही पाच जणी होतो.

मास्तर: दोन ते तीन तुझी ड्युटी असते म्हणालीस.

सिस्टर: वहीत रेघ मारली होती ना तुम्ही काल? तशीच माझी ड्युटी.

सेल्समन: सर, मी खरंच पाणी आणतो.

मास्तर: हलू नकोस. तुझ्या त्या तोंडामुळे झालंय हे सगळं. मला का नाही विचारलंस? घरात मास्तर असताना?

सिस्टर: विचारलं होतं. अकरा वर्षांपूर्वी, एका रविवारी. तुम्ही ड्रायव्हिंगच्या शाळेची गाडी काढलीत. मैदानाला अर्धा वळसा झाला होता, गाडी बंद पडली. आठवतंय काय म्हणालात?

मास्तर: ओरडलो असेन. मी सगळ्यांवर ओरडतो. याला विचार.

सेल्समन: माझ्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा, मॅडम.

सिस्टर: ओरडला असता तर चाललं असतं. तुम्ही ओरडलाच नाहीत. चावी काढून घेतलीत आणि शांतपणे म्हणालात, 'उतर. तुला नाही जमायचं.' याला चार वेळा नापास झाल्यावरही तसं म्हणाला नाहीत. तो मॅनेजर तीन महिने दुसऱ्यात फिरला, त्यालाही नाही. चार हजारांत एकट्या मला म्हणालात. मी त्या दिवशी मैदानातून घरापर्यंत तुमच्या शेजारी बसून आले आणि मला रडू आवरत नव्हतं. तुम्ही मला रस्त्यावरच्या पाट्या वाचून दाखवत होतात.

मास्तर: ...मला वाटलं, डोळ्यांत काहीतरी गेलंय तुझ्या.

सिस्टर: हो. तुम्ही गेला होतात.

सेल्समन: साहेब बोलावताहेत बहुतेक.

मास्तर: कुणी बोलावत नाहीये तुला. बस. हिचं ऐकलंस, आता माझंही ऐक. एकतीस वर्षं झाली मला. गाडीच्या टपावर शाळेच्या मालकाचं नाव, दारावर त्याचा नंबर, मागच्या काचेवर त्याच्या मुलीच्या वाढदिवसाचं स्टिकर. गाड्या बदलल्या सात, पण नाव तेच. दोन महिन्यांनी ती चावी टेबलावर ठेवायची आणि पायी घरी जायचं. लोक विचारतात, मास्तर, तुमची गाडी कुठली? मी हसतो. अख्ख्या गावाला गाडीत बसवलं आणि स्वतःची म्हणायला नंबरप्लेट नाही. एका कागदावर माझं नाव हवं होतं, बस. त्रेपन्न हजारांना मिळत होतं, म्हटलं घेऊ.

सिस्टर: हे असं काल का नाही बोललात?

मास्तर: काल वहीत जागा नव्हती.

सिस्टर: असं सरळ सांगितलं असतंत तर मी एखाद वेळी ऐकलंही असतं. नाव तुमचं आलं तर मला पोटशूळ उठणार नाही. पण गाडी तुमच्या नावावर आली की काय होणार ते मला ठाऊक आहे. तीही शाळाच होणार. तुम्ही मला हॉस्पिटलात सोडणार, तुम्हीच आणणार, दर रविवारी धुणार, आणि मी मरेपर्यंत खिडकीशी बसून पाट्या वाचणार. मला नाही बसायचं. मला चालवायची आहे.

मास्तर: रस्ता काय मैदान आहे? चालवायची आहे म्हणे. बरं, चढावर सिग्नल लागलाय, मागे ट्रक उभा आहे, तुझ्या बंपरला टेकलेला. हिरवा झाला. काय करशील?

सिस्टर: इथे परीक्षा घेणार?

मास्तर: काय करशील? हॉर्न मारशील ना?

सिस्टर: हँडब्रेक आधीच ओढलेला असेल. पहिला गिअर टाकेन. क्लच हळूहळू सोडेन. गाडीचं नाक थरथरलं की थोडा ॲक्सिलरेटर, आणि गाडी पुढे जायला बघते आहे असं वाटलं की मग हँडब्रेक सोडेन. मागच्या ट्रककडे बघणार नाही. तो त्याचं बघून घेईल.

मास्तर: हं.

सेल्समन: सर, हे मला पाचव्या टेस्टलासुद्धा जमलं नव्हतं. त्या दिवशी चढ बंद होता.

मास्तर: हे त्या हॉर्नवाल्याने शिकवलं तुला? 'नाक थरथरलं की'?

सिस्टर: त्याला कुठलं येतंय असं बोलायला? त्याने मला गाडी दिली, एवढंच. हे तुम्ही शिकवलंत.

मास्तर: मी कधी?

सिस्टर: जेवताना. अठ्ठावीस वर्षं तुम्ही जेवायला बसलात की हेच. आज अमका चढावर मागे आला, आज तमकीने वळणावर क्लच दाबून ठेवला. डाव्या हातात चमचा धरायचा, ताटाशेजारी आपटायचा, हा पहिला, हा दुसरा. पोळी गार व्हायची. मी समोर बसून ऐकायचे. पहिल्या दिवशी त्या गाडीत बसले तेव्हा हात आपोआप जागेवर गेले. हॉर्नवाला म्हणाला, बाई, तुम्ही आधी कुठे शिकलात?

मास्तर: काय सांगितलंस?

सिस्टर: सांगितलं, घरी.

मास्तर: ...तो काय म्हणाला?

सिस्टर: म्हणाला, शिकवणारा पक्का आहे.

मास्तर: त्याला तेवढी तरी अक्कल आहे म्हणायची.

सेल्समन: सर, मग आपण फाइल पुढे पाठवू ना? साहेब पाच वाजता निघतात.

मास्तर: इकडे बघ. तुझ्याकडे स्वतःची गाडी आहे ना? ती पांढरी.

सेल्समन: आहे, सर.

मास्तर: कर्ज कुठलं? त्या गाडीच्या आरशात बघू नकोस, माझ्याकडे बघ.

सेल्समन: बँकेचं, सर.

मास्तर: आणि मला फ्लॅट! चार वेळा नापास झालास तेव्हा पुढची फी घेतली होती का मी तुझ्याकडून?

सेल्समन: नाही, सर. पण माझं महिन्याचं टार्गेट असतं हो. सहा फाइली. पाच झाल्यात. तुम्ही सहावे होतात.

सिस्टर: सहावं गिऱ्हाईक त्या खांबापाशी उभं आहे. त्या नवऱ्याने तीन वेळा उशी दाबून बघितली.

मास्तर: बुकिंग माझ्या नावाने आहे, ते हिच्या नावाने होतं का?

सेल्समन: होतं, सर. एक साधा अर्ज लागतो. पैसे वाया जात नाहीत.

सिस्टर: अहो, नीट विचार करा. मी ओढून नेतेय असं नको. नाव तुमचं हवं असेल तर त्रेपन्न हजार मी माझ्या पगारातून भरेन. मनापासून सांगते. फक्त चावी दोघांची.

मास्तर: वेडी आहेस का? त्रेपन्न हजारांत इन्शुरन्स निघतो दोन वर्षांचा. बँकेचा फॉर्म आणलायस ना? पर्समध्ये असेल.

सिस्टर: आहे.

मास्तर: कधीपासून?

सिस्टर: गेल्या शुक्रवारपासून. मंजुरीचं पत्रपण आहे.

मास्तर: म्हणजे फक्त मला विचारायचं राहिलं होतं.

सिस्टर: विचारायचं नव्हतं राहिलं. तुमची सही राहिली होती.

मास्तर: पेन दे रे. तो दोरीला बांधलेला नको, चांगला दे. कुठे करू?

सिस्टर: इथे. जामीनदार.

मास्तर: तुझ्या नावाच्या खाली?

सिस्टर: खाली.

मास्तर: अक्षर छान आहे तुझं. फॉर्म वाटतच नाही. हे घे, केली. आता हिला कुणी सांगेल का, इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा काही न वाचता सही केली?

सेल्समन: अभिनंदन, सर! म्हणजे... अभिनंदन, मॅडम! आता सह्या झाल्याच आहेत तर एक फेरी मारायची का? टेस्ट ड्राइव्हची गाडी दारातच आहे. या सर, तुम्ही चालवा.

मास्तर: मी कशाला? मालकीण चालवेल.

सिस्टर: खरंच?

मास्तर: लायसन्स आहे ना? मग चल. मलाही बघू दे, हॉर्न किती वाजतो.

(टेस्ट ड्राइव्हची गाडी. सिस्टर स्टिअरिंगवर. गाडी अजून शोरूमच्या दारातच उभी.)

सेल्समन: सर, पुढे बसा ना, मॅडमच्या शेजारी. मी मागे बसतो.

मास्तर: नको. पुढे तू बस.

सिस्टर: अहो, बसा की. घाबरलात का?

मास्तर: घाबरायचं काय त्यात? शाळेच्या गाडीत माझ्या बाजूलाही ब्रेक असतो. एकतीस वर्षं माझा पाय त्यावर. पुढे बसलो तर तो ब्रेक शोधत बसेल, आणि या गाडीत तो नाही. उगाच तुला त्रास. मी मागे बसतो.

सिस्टर: बघा हं. मागून सूचना नकोत.

मास्तर: एकही देणार नाही.

सिस्टर: निघू?

मास्तर: मला काय विचारतेस? गाडी कुणाची आहे?

सेल्समन: मॅडम, डावीकडून एक रिकामा टेम्पो येतोय.

सिस्टर: दिसला मला. जाऊ दे त्याला. आता निघाले.

सेल्समन: वा! क्लच बघा, सर, कसा सुटला. झटकासुद्धा नाही.

सिस्टर: अहो, जिवंत आहात ना मागे? एवढे गप्प का? काही चुकलं का माझं?

मास्तर: काही नाही चुकलं.

सिस्टर: मग?

मास्तर: या कोपऱ्यावर पुस्तकांचं दुकान कधी झालं?

सिस्टर: आपलं लग्न झालं तेव्हापासून आहे.

मास्तर: आणि त्याच्या वरच्या मजल्यावर कुणी एवढी झाडं लावलीत?

सिस्टर: मला काय माहीत? मी आत्ता रस्ता बघतेय.

मास्तर: हो. तू रस्ता बघ. आणि जरा सावकाश घे, मला हे सगळं बघू दे.